‘साइट सोडायची आहे का?’ हा प्रश्न नेमका कोण विचारतो

प्रश्न असा आहे: एखाद्या संकेतस्थळावर अर्ज भरताना किंवा काही लिहिताना टॅब बंद करायला गेले, मागे जाण्याचे बटण दाबले किंवा पान रिफ्रेश केले, की ‘लीव्ह साइट? चेंजेस यू मेड मे नॉट बी सेव्ह्ड’ अशी चौकट समोर येते. कधी ती सगळे सेव्ह केल्यावरही येते, कधी काहीही न भरता येते आणि जेव्हा खरोखर यायला हवी होती तेव्हा नेमकी येत नाही. हे असे का होते, यात काही धोका आहे का आणि ही चौकट कायमची बंद करता येते का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. ही चौकट ब्राउझरची असते. संकेतस्थळ ब्राउझरकडे फक्त एवढीच विनंती करते की, हा माणूस निघण्यापूर्वी त्याला एकदा विचारा. ती विनंती मानायची की नाही, कोणत्या शब्दांत विचारायचे आणि तुमचे उत्तर आल्यावर काय करायचे, हे सर्व ब्राउझर ठरवतो. विनंती करणारा एक आणि विचारणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. तुम्ही सांगितलेल्या बहुतेक विसंगतींचे मूळ तिच्यातच सापडते, म्हणून ती जरा तपशिलाने समजून घेणे उपयोगाचे आहे.

तुम्ही अर्जाच्या रकान्यात नाव, पत्ता, जन्मतारीख असे काही टाइप करता तेव्हा ते कुठे असते? सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळाच्या संगणकावर, नसते. ‘सबमिट’ किंवा ‘सेव्ह’ दाबेपर्यंत ते फक्त तुमच्या संगणकाच्या मेमरीत, त्या टॅबला दिलेल्या जागेत असते. टॅब बंद झाला किंवा त्या टॅबमध्ये दुसरे पान उघडले की ब्राउझर ती जागा मोकळी करतो. संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर तुम्ही अर्धा तास काय लिहीत होतात याची त्यांच्या सर्व्हरला गंधवार्ताही नसते. त्याने तुम्हाला एक पान पाठवले आणि त्यानंतर तुमच्याकडून काही आले नाही, इतकीच त्याची माहिती. काही पाने पार्श्वभूमीत सतत मसुदा पाठवत राहतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येईन.

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. तुम्ही एखाद्या दुव्यावर क्लिक केले, पत्त्याच्या पट्टीत नवा पत्ता टाकला किंवा टॅबवरील फुली दाबली, की ब्राउझर नव्या पानाची मागणी सर्व्हरकडे पाठवण्याआधीच चालू पानाला एक सूचना देतो. या सूचनेला ‘बीफोरअनलोड’ म्हणतात. पानाने त्या सूचनेकडे कान दिलेला असेल, तर त्याला तिथल्या तिथे, एका दमात, ‘थांबवा’ असा इशारा करता येतो. इशारा आला तर ब्राउझर आपली ठरावीक चौकट दाखवतो. तुम्ही ‘लीव्ह’ म्हणालात तर पुढचे काम सुरू होते. ‘कॅन्सल’ दाबलेत किंवा एस्केपची कळ दाबलीत तर पान जसेच्या तसे राहते. या सगळ्यात पानाला दोन गोष्टी करता येत नाहीत. तुमचे जाणे ते रोखू शकत नाही, आणि तुम्ही नेमके कुठे निघाला आहात हेही या सूचनेतून त्याला कळत नाही. वापरणाऱ्याचा निघून जाण्याचा हक्क शाबूत ठेवायचा आणि तरीही नकळत होणारे नुकसान टाळायचे, या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी ही रचना अशी झाली आहे.

सुरुवातीला ती इतकी काटेकोर नव्हती. ही सोय पहिल्यांदा 1997 साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर 4 मध्ये आली. पुढे इतर ब्राउझरांनी ती उचलली आणि मग ती प्रमाणित झाली. त्या काळात पानाला चौकटीत स्वतःचा मजकूर घालता येत असे. हेतू चांगला होता: ‘तुमच्या अर्जाचे तिसरे पान अजून जतन झालेले नाही’ असे नेमके सांगता यावे. पण या मुभेचा जितका सदुपयोग झाला, त्याहून जास्त दुरुपयोग जाहिरातवाल्यांनी केला. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौकटीत वरच्या बाजूला ‘आपण या पानावरून जाऊ इच्छिता हे नक्की का’ अशा अर्थाचे वाक्य असे, खाली ‘पुढे जाण्यासाठी ओके, थांबण्यासाठी कॅन्सल’ असे वाक्य असे, आणि मधली जागा पानाच्या ताब्यात होती. त्या मधल्या जागेत ‘थांबा! तुमच्यासाठी खास सवलत राखून ठेवली आहे, ती मिळवण्यासाठी कॅन्सल दाबा’ असा मजकूर घातला, की निघालेला माणूस गोंधळून तिथेच अडकत असे. काही पानांनी तर याच क्षणी नव्या खिडक्या उघडायला आणि एकामागून एक संदेश दाखवायला सुरुवात केली. पुढे संगणकात व्हायरस असल्याचा बनाव करून फोन करायला लावणाऱ्या टोळ्यांनीही हीच युक्ती वापरली.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी मग एकेक दोर कापला. निघतानाच्या त्या क्षणी पानाने स्वतःची संदेशपेटी उघडण्याचा प्रयत्न केला तर तो दुर्लक्षित केला जाऊ लागला. पानाने दिलेला मजकूर दाखवणे 2011 मध्ये आलेल्या फायरफॉक्स 4 ने बंद केले. 2016 मध्ये सफारी 9.1 आणि क्रोम 51 यांनीही तेच केले. म्हणून आज कोणत्याही संकेतस्थळावर गेलात तरी त्या त्या ब्राउझरमध्ये चौकटीतील वाक्य एकच असते. बँक असो, शाळेचा प्रवेश अर्ज असो किंवा एखादा ऑनलाइन खेळ असो, शब्द बदलत नाहीत, कारण ते शब्द त्या संकेतस्थळाचे नाहीतच. त्यामुळे त्या वाक्याचा फार काटेकोर अर्थ लावू नये. ‘बदल जतन होणार नाहीत’ असे ब्राउझर म्हणतो तेव्हा बदल झाले आहेत की नाहीत हे त्याने तपासलेले नसते. पानाने विनंती केली, एवढाच त्याचा आधार असतो.

2017 च्या क्रोम 60 पासून आणखी एक अट आली. तुम्ही त्या पानावर किमान एकदा क्लिक केलेले असावे, काही टाइप केलेले असावे किंवा स्पर्श केलेला असावा. पान नुसते उघडले आणि लगेच बंद केले, तर त्याने कितीही विनंती केली तरी चौकट येत नाही. ज्या पानाला तुम्ही हातही लावला नाही त्या पानावर तुमचे गमावण्यासारखे काही असू शकत नाही, हा त्यामागचा विचार. माझ्या मते या सगळ्या बदलांत हा सर्वांत समंजस.

आता तुमच्या पहिल्या तक्रारीकडे वळतो: काही भरले नाही तरी किंवा सेव्ह केले तरी चौकट का येते. अर्ज आणि नोंदणीची पाने बनवणे हाच माझा व्यवसाय असल्याने, या तक्रारीची उत्तरे बहुतेक वेळा प्रोग्रामच्या त्याच त्या चार-पाच ठिकाणी सापडतात हे खात्रीने सांगू शकतो.

सर्वांत साधे कारण आळस. पान उघडताक्षणीच ‘निघताना विचारा’ ही विनंती नोंदवून ठेवायची आणि पुढे ती कधीच मागे घ्यायची नाही. बदल झाला आहे का, हे पाहण्याची तसदीच कोणी घेतलेली नसते. अशा पानावर कुठेही एकदा क्लिक झाले की वर सांगितलेली अट पूर्ण होते आणि जाताना चौकट हमखास येते. याची एक अदृश्य किंमतही असू शकते. मागे जाण्याचे बटण दाबल्यावर आधीचे पान क्षणात दिसावे म्हणून ब्राउझर सोडलेली पाने काही काळ मेमरीत जशीच्या तशी राखून ठेवतात. अशी विनंती नोंदवलेली पाने फायरफॉक्स मात्र निदान पूर्वी तरी या सोयीतून वगळत असे. म्हणजे विनाकारण विचारणारे पान तिथे परतताना हळूही उघडत असे.

दुसरे कारण गमतीचे आहे: सेव्हचे बटण दाबल्यावरच चौकट येते. जुन्या पद्धतीच्या अर्जात ‘सबमिट’ दाबणे म्हणजेही चालू पान सोडून पुढच्या पानावर जाणे असते. ब्राउझरच्या लेखी ते जाणेच. सबमिट होत असताना विनंती मागे घ्यायला प्रोग्रामर विसरला, तर जतन करायला निघालेल्या माणसालाच ‘तुमचे बदल जतन होणार नाहीत’ असे ऐकावे लागते. घाबरून तो ‘कॅन्सल’ दाबतो आणि अर्ज खरोखरच जात नाही. याच जातीचा प्रकार म्हणजे ‘पावती डाउनलोड करा’ या दुव्यावर क्लिक केल्यावर येणारी चौकट. दुव्याच्या पलीकडे नवे पान आहे की फाइल, हे सर्व्हरचे उत्तर आल्याशिवाय ब्राउझरला बहुधा कळत नाही, आणि विचारणा तर त्याआधीच होते. अशा वेळी ‘लीव्ह’ म्हटले तरी पान जागचे हलत नाही, फाइल तेवढी उतरते.

तिसरे कारण जरा खोलात जाऊन सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्यांना ते विशेष छळते. जबाबदारीने बनवलेले पान तुम्ही आत्ता लिहिलेला मजकूर आणि शेवटचा जतन झालेला मजकूर यांची तुलना करते आणि दोन्ही सारखे असतील तर विनंती करत नाही. पण ही तुलना अक्षरशः, म्हणजे एकेका संकेतांकाची होते. समजा, पत्त्याच्या रकान्यात तुम्ही ‘दुसऱ्या मजल्यावर’ असे लिहिले. त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. ‘ऱ’ हे एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून येऊ शकते, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे मिळूनही तेच अक्षर होते. काही कळफलक ‘र’ ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. आता सर्व्हरने मजकूर साठवण्यापूर्वी नियमानुसार एकसारखा करून घेतला, म्हणजे ‘र’ आणि नुक्ता यांच्या जागी एकच ‘ऱ’ ठेवला, किंवा न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकली, तर साठवलेला मजकूर आणि तुमच्या रकान्यातील मजकूर यांत एका चिन्हाचा फरक पडतो. तुम्ही सेव्ह केले, ते व्यवस्थित झाले, पडद्यावर तसूभर फरक नाही, तरीही पान म्हणते की बदल बाकी आहेत. इंग्रजीत लिहून चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही.

असाच घोळ ओळी संपण्याच्या खुणेने होतो. मोठ्या मजकुराच्या रकान्यात एंटर दाबले की ब्राउझर आतल्या आत ओळ संपल्याची एक खूण ठेवतो. अर्ज सर्व्हरकडे पाठवताना मात्र जुन्या प्रथेनुसार तिथे दोन खुणा जातात. सर्व्हरने त्या तशाच साठवून परत पाठवल्या आणि पानाने त्याच मजकुराशी तुलना केली, की प्रत्येक ओळीला फरक निघतो. शेवटची रिकामी जागा सर्व्हरने छाटणे, 05/06/2024 ही तारीख त्याने 2024-06-05 अशी साठवणे, हे त्याच माळेचे मणी. उपाय अवघड नाही: तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजू एकाच साच्यात आणायच्या, किंवा सेव्ह यशस्वी झाले की रकान्यात त्या क्षणी जे आहे तेच ‘जतन झालेले’ म्हणून नोंदवायचे. मी दुसरा मार्ग पसंत करतो. मात्र सेव्हची मागणी गेल्यानंतर आणि उत्तर येण्यापूर्वी माणसाने आणखी काही टाइप केले असेल, तर ते जतन झाल्यात मोजले जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. म्हणून मागणी पाठवली त्या क्षणीची प्रत बाजूला ठेवायची आणि होकार आल्यावर तीच आधाराला घ्यायची.

याच्या उलट तक्रार अधिक गंभीर आहे: यायला हवी तेव्हा चौकट येत नाही. इथे ही सोय मुळातच तोकडी आहे हे मान्य करावे लागेल. वीज गेली, संगणक अडकला, ब्राउझर कोसळला, तर विचारायला कोणी शिल्लकच राहत नाही. मोबाइलवर तर परिस्थिती आणखी कठीण. तिथे माणूस पान ‘बंद’ करत नाही. फोन आला म्हणून दुसरीकडे जातो, संदेश पाहतो आणि नंतर अलीकडच्या ॲपांच्या यादीतून ब्राउझर सरकवून टाकतो, किंवा मेमरी कमी पडली म्हणून फोनची प्रणालीच मागचे ॲप गुंडाळते. यांपैकी कोणत्याही वेळी निघण्यापूर्वीची ती सूचना पानापर्यंत पोहोचेल असा भरवसा नाही आणि आयफोनवरच्या सफारीत तर ही सोय धरूनच चालता येत नाही. मोबाइलवर अर्ज भरणाऱ्यांची संख्या पाहता, ज्या पानाची सारी भिस्त या चौकटीवर आहे ते पान असुरक्षितच म्हणावे लागेल. मोबाइलवर त्यातल्या त्यात विश्वासार्ह क्षण म्हणजे पान नजरेआड होण्याचा. त्याची सूचना ब्राउझर पानाला देतो आणि मसुदा त्याच वेळी जतन करायला हवा.

आणखी एक प्रकार असा की संकेतस्थळ वरवर अनेक पानांचे दिसते, पण प्रत्यक्षात एकच पान आतला मजकूर बदलत राहते. अलीकडची बरीच पोर्टले अशीच बांधलेली असतात. डाव्या बाजूच्या यादीतून तुम्ही ‘शैक्षणिक माहिती’ वरून ‘कागदपत्रे’ या भागाकडे गेलात तर पत्त्याची पट्टी बदलते, पण ब्राउझरच्या दृष्टीने तुम्ही पान सोडलेलेच नसते. त्यामुळे सूचना नाही, चौकट नाही आणि अर्धवट भरलेले रकाने पुसले जातात. अशा ठिकाणी प्रोग्रामरने स्वतःची विचारणा लिहावी लागते. ती ब्राउझरच्या चौकटीपेक्षा चांगली करता येते, कारण तिथे ‘जतन करून पुढे जा’, ‘बदल टाकून द्या’ आणि ‘इथेच थांबा’ असे तीन पर्याय देता येतात. ब्राउझरची चौकट पहिला पर्याय देऊ शकत नाही. सर्व्हरशी बोलून उत्तर येईपर्यंत थांबायला तिथे सवड नसते.

आणि सत्र, म्हणजे लॉगिनची मुदत, संपण्याचा प्रश्न वेगळाच. पंधरा-वीस मिनिटे हालचाल दिसली नाही म्हणून सर्व्हरने तुम्हाला बाहेर काढलेले असते, पण समोरचा अर्ज तसाच दिसत राहतो. तुम्ही शांतपणे सगळे भरता, सबमिट दाबता आणि लॉगिनचे पान समोर येते. तुम्ही तर सबमिटच केले होते, तेव्हा चौकटीने कशाला आडवे यावे? लिहिलेले मात्र गेलेले असते.

या चौकटीशी गल्लत होणाऱ्या दोन गोष्टींचा उल्लेख करतो. पहिली म्हणजे रिफ्रेश केल्यावर ‘कन्फर्म फॉर्म रिसबमिशन’ असे विचारणारी चौकट. तिचा अर्थ बरोबर उलटा आहे. तिथे तुमची माहिती एकदा गेलेली असते आणि तीच पुन्हा पाठवायची का, असे ब्राउझर विचारतो. होय म्हटल्यास अर्ज दोनदा नोंदला जाऊ शकतो. शंका असेल तेव्हा नकार द्यावा. नीट बांधलेले संकेतस्थळ माहिती स्वीकारल्यावर लगेच तुम्हाला वेगळ्या पानावर नेऊन सोडते, म्हणजे रिफ्रेश केले तरी फक्त ते पावतीचे पान पुन्हा येते.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे भरताना दिसणारी ‘बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका’ ही सूचना. ती पानावर छापलेली सूचना आहे. तिच्या जोडीला कधी ब्राउझरची चौकटही येते, कधी येत नाही. इथे धोका टाइप केलेला मजकूर जाण्याचा नसतो. पैसे वळते करण्याचे काम तुमची बँक, पेमेंट गेटवे (पैसे पोहोचवणारी मधली सेवा) आणि विक्रेता यांच्या सर्व्हरांमध्ये चालू असते आणि तुम्ही टॅब बंद केल्याने ते थांबेलच असे नाही. तुटतो तो बँकेकडून विक्रेत्याच्या पानावर परतण्याचा शेवटचा दुवा. मग खात्यातून रक्कम गेली आहे पण तिकीट किंवा पावती नाही, अशी स्थिती होते. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरण्याची घाई करू नये. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, ऑनलाइन कार्ड व्यवहारात खात्यातून रक्कम वजा होऊनही विक्रेत्याकडे खात्री पोहोचली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ती आपोआप परत जमा व्हायला हवी आणि त्यापुढे विलंब झाल्यास दर दिवशी 100 रुपये भरपाई द्यावी लागते.

संकेतस्थळे बनवणाऱ्यांनी काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही. पण तुमच्या त्रासाचे मूळ तिथे असल्याने थोडे लिहितो. माझे स्पष्ट मत असे की ही चौकट शेवटचा आधार म्हणून ठेवावी, मुख्य व्यवस्था म्हणून नव्हे. रोज दहा ठिकाणी विनाकारण विचारले गेले की माणूस न वाचता ‘लीव्ह’ दाबायला शिकतो आणि ज्या दिवशी खरोखर दोन तासांचे काम पणाला असते त्या दिवशीही त्याचा हात सवयीने तिथेच जातो. म्हणून मुळात गमावण्यासारखे कमीत कमी उरेल अशी रचना हवी. टाइप करणे थांबले की दोन-तीन सेकंदांत मसुदा आपोआप सर्व्हरकडे जावा आणि ‘जतन झाले, 4 वाजून 12 मिनिटे’ असे पानावर बारीक अक्षरांत दिसत राहावे. जीमेल मसुदे असेच जपते. गूगल डॉक्समध्ये बंद करताना विचारणा क्वचित होते, कारण बहुतेक वेळा शेवटचे अक्षरही तोवर पोहोचलेले असते. इंटरनेट तुटले असेल आणि काही पोहोचायचे बाकी असेल तरच ते अडवते. वर्डप्रेसचा जुना संपादक मूळ सेटिंगनुसार दर 60 सेकंदांनी मसुदा राखतो. मराठी विकिपीडियासह सगळे विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतात तिच्यात, जतन न केलेले संपादन सोडून जाताना सावध करावे की नाही, हे प्रत्येक सदस्याला आपल्या पसंतीच्या सेटिंगमध्ये ठरवता येते.

मसुदा सर्व्हरऐवजी ब्राउझरच्याच साठवणीत ठेवण्याचा दुसरा मार्ग आहे आणि तो नेट नसतानाही चालतो. पण आपल्याकडे तो डोळे मिटून वापरू नये. महा ई-सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत एकाच संगणकावर दिवसभरात कितीतरी लोकांचे अर्ज भरले जातात. पहिल्याचा आधार क्रमांक आणि उत्पन्नाचा आकडा मसुदा म्हणून ब्राउझरमध्ये राहिला, तर दुसऱ्याचा अर्ज उघडताच तो समोर येऊ शकतो. टॅब बंद होताच पुसली जाणारी साठवण त्यातल्या त्यात बरी. पण रिफ्रेशपासून वाचवणे एवढाच तिचा उपयोग. अशा संवेदनशील अर्जांसाठी मी लॉगिन केलेल्या खात्यात सर्व्हरवर मसुदा ठेवणेच पसंत करतो, आणि ते शक्य नसेल तर मसुदा न ठेवता ब्राउझरची चौकट दाखवून माणसाला विचारणे हे अधिक प्रामाणिक ठरते. चौकटीची खरी जागा हीच आहे, असे मला वाटते.

आता धोक्याविषयी. ब्राउझरची मूळ चौकट स्वतः निरुपद्रवी आहे. नुसते ‘लीव्ह’ दाबल्याने, तुम्ही न मागितलेले काही डाउनलोड होत नाही, कोणती परवानगी दिली जात नाही, ती कशाला संमतीही ठरत नाही. धोका असतो तो तिची नक्कल करणाऱ्या, पानाने स्वतः रंगवलेल्या पेटीचा. ओळखण्याची एक खूण सांगतो: संगणकावरील क्रोममध्ये खरी चौकट वरच्या बाजूला, पत्त्याच्या पट्टीला चिकटून उगवते, पानाला मात्र आपल्या हद्दीबाहेर काही रंगवता येत नाही. शिवाय खऱ्या चौकटीत ते ठरावीक वाक्य आणि दोन बटणे यांपलीकडे काही नसते. फोन नंबर, सवलत, व्हायरस, उलटी मोजणी यांपैकी काहीही दिसले तर ते पानाचे कारस्थान समजावे. माउसचा बाण वरच्या कडेकडे सरकताच ‘जाताय? थांबा!’ म्हणून येणारी सवलतीची पेटीही त्याच जातीची. तिला उत्तर देण्याची गरज नाही, सरळ टॅब बंद करावा. टॅब बंद होऊ देत नसेल तर विंडोजवरील क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघडावा आणि तो टॅब तिथून संपवावा; तिथे पानाला कोणी विचारत नाही.

वापरणारा म्हणून चौकट समोर आली की एकच ठरवायचे: या पानावर मी असे काही लिहिले आहे का, जे गेले तर वाईट वाटेल? नसेल तर बेलाशक निघावे. असेल किंवा आठवत नसेल तर ‘कॅन्सल’ दाबून पानावर परत यावे, मजकुराच्या रकान्यात कंट्रोल-ए आणि कंट्रोल-सी करून प्रत घ्यावी, मग सेव्हचे बटण शोधावे. सेव्ह केल्यावरही चौकट येत असेल, तर तेच पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडून बदल तिथे दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर पहिला टॅब निर्धास्तपणे बंद करता येतो. वर सांगितलेल्या तुलनेच्या दोषांपैकी एखादा तिथे आहे एवढेच समजायचे आणि जमले तर संकेतस्थळाच्या चालकांना कळवायचे. कळवताना ‘पॉपअप येतो’ एवढेच न लिहिता, कोणत्या रकान्यात काय लिहिल्यावर आला हे लिहिले तर दुरुस्ती करणाऱ्याचे काम निम्मे होते. चुकून टॅब बंद झालाच, तर लगेच कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबाव्यात; बंद झालेला टॅब परत उघडतो आणि काही वेळा भरलेले रकानेही परत मिळतात, पण त्यावर विसंबू नये.

चौकट कायमची बंद करता येते का? फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ हे इंग्रजीत लिहून उघडणाऱ्या सेटिंगांमध्ये ‘डॉम.डिसेबल_बीफोरअनलोड’ ही नोंद शोधून तिचे मूल्य ‘ट्रू’ केले की कोणतेही संकेतस्थळ निघताना विचारू शकत नाही. क्रोमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये असा पर्याय नाही. त्यासाठी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घालावे लागते, आणि प्रत्येक पानातला मजकूर वाचण्याची परवानगी मागणारे एक्स्टेन्शन एवढ्याशा कारणासाठी घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही. स्वयंचलित चाचण्या चालवणाऱ्या संगणकावर मी ही चौकट बंद ठेवतो. रोजच्या वापराच्या ब्राउझरमध्ये ती चालूच आहे.